एका हाताचा कॅमेरा आणि खानदेशचे ऊन

निकाह, वलीमा, अकीका, ईद, हजला निघालेल्यांची पाठवणी. आपल्या घरांत आवर्जून फोटो निघतात ते या प्रसंगी. जागा छोट्या पडतात, म्हणून हल्ली हे कार्यक्रम मैदानात किंवा मंडपाच्या बाहेर, तेही भर दिवसा होतात. फोटो काढताना सारे छान वाटते. घरी येऊन निवांत पाहावे तर चेहरे पांढरेफटक, आकाश कोऱ्या कागदासारखे आणि कुर्त्यावरची चिकनकारी गायब! फोटोग्राफर याला 'वॉशआउट' म्हणतात. घरातली माणसे सरळ म्हणतात, फोटो पांढरा पडला.

आमच्या पिंप्राळ्यातला एक जुना विद्यार्थी नेमका याच दोषापायी धंदा सोडायला निघाला होता. काही वर्षांपूर्वी कामावर असताना यंत्रात सापडून त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. जखम भरली, पण जुने काम पुन्हा जमण्यासारखे नव्हते. साठवलेल्या पैशांतून त्याने एक वापरलेला कॅमेरा घेतला आणि ओळखीतल्या एका वलीम्याचे फोटो काढण्याचे पहिले काम मिळवले. एप्रिलची दुपार, उघडे मैदान. निम्म्याहून जास्त फोटो पांढरे पडले. ठरलेल्या रकमेतली अर्धीच त्याच्या हाती आली, आणि वर ऐकावे लागले, "एका हाताचं काम, असंच होणार." पैसे कमी मिळाल्यापेक्षा हे वाक्य त्याला जास्त लागले. तो आमच्याकडे आला तेव्हा त्याचा एकच प्रश्न होता, "सर, खरंच हातामुळे झालं का?"

दोष हाताचा की उन्हाचा?

आम्ही उर्दू-मराठी शिकवणारे. कॅमेऱ्यातले आम्हाला फार कळत नव्हते. पण प्रश्न सोडवायचा तर तपासून पाहावे, एवढे शिक्षकाला कळते. एका रविवारी दुपारी साडेबाराला शाळेच्या मैदानावर आम्ही तिघे जमलो: तो, आमचे विज्ञानाचे सहकारी आणि मी म्हणणारे आम्ही. त्याच जागी, त्याच माणसाचे, त्याच कॅमेऱ्याने, कॅमेऱ्यातली आपोआप चालणारी सेटिंग तशीच ठेवून दोघांनी फोटो काढले. एकाला दोन हात, दुसऱ्याला एक. दोघांचेही फोटो सारखेच पांढरे पडले. मग कॅमेरा एका बाकावर ठेवून, कोणाचाही हात न लागता, टायमरने फोटो घेतला. तोही पांढराच.

हात हलला तर फोटो अस्पष्ट होतो, कडा पसरट दिसतात. फोटो पांढरा पडतो तो उजेड प्रमाणाबाहेर आत गेल्यामुळे. हे दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी. ज्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी एका हाताने हे हुनर शिकू पाहत असेल, त्या घराने पहिल्यांदा हा फरक समजून घ्यावा.

कॅमेरा फसतो कुठे

कॅमेऱ्याला माणूस, झाड, कपडा असे काही कळत नाही. समोरून येणारा एकूण उजेड तो मोजतो आणि सरासरीने चित्र मध्यम राखाडी रंगाइतके उजळ यावे असे धरून चालतो. नव्या मोबाइलमध्ये चेहरा ओळखण्याची सोय असते, पण मूळ हिशोब हाच.

आपल्या घरच्या फोटोत हा हिशोब हमखास चुकतो. समजा, काळ्या बुरख्यातल्या चार-पाच भगिनी रांगेत उभ्या आहेत. चौकटीचा मोठा भाग काळा. कॅमेऱ्याला वाटते उजेड कमी आहे, म्हणून तो सारे चित्र उजळवतो. बुरखे राखाडी होतात, आणि चेहरे व मागची भिंत पांढरी पडते. उलट ईदगाहवर सगळे शुभ्र कुर्ता-टोपीत. कॅमेऱ्याला वाटते उजेड फार झाला, तो चित्र काळवंडवतो. घरी आल्यावर आपण अ‍ॅपमध्ये उजेड वाढवतो आणि मग चेहरे पांढरे करून बसतो.

दुसरे कारण ऊन आणि सावलीतला फरक. उघड्या उन्हात आणि दाट सावलीत उजेडाचे अंतर साधारण सोळापट असते. आपला डोळा दोन्ही एकाच वेळी सांभाळतो, कॅमेऱ्याला ते जमत नाही. माणूस मंडपाच्या सावलीत आणि मागे तापलेले मैदान असेल, तर चेहरा नीट येतो तेव्हा मैदान पांढरे होऊन जाते.

तिसरे कारण भिंगावर थेट पडणारे ऊन आणि भिंगावरची घाण. उन्हाची तिरीप भिंगात शिरली की सगळ्या चित्रावर पांढुरकी साय धरते, काळा रंगसुद्धा काळा राहत नाही. बोटाच्या ठशाने किंवा धुळीने ही साय आणखी दाट होते. आमच्या भागात चैत्र-वैशाखात धूळ किती उडते, हे सांगायला नको.

एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. फोटो थोडा काळसर आला तर नंतर बराच सुधारता येतो. पांढऱ्यात गेलेली नक्षी मात्र कुठलेही अ‍ॅप परत आणू शकत नाही, कारण तिथे काही नोंदलेच गेलेले नसते. म्हणून उन्हात चुकायचेच असेल तर अंधाराच्या बाजूने चुकावे.

एका हाताने नेमके काय अडते

आता हाताचे बोलू. काहीच अडत नाही असे म्हणणे खोटे दिलासे देण्यासारखे होईल. त्या विद्यार्थ्याबरोबर बसून आम्ही यादी केली, तेव्हा अडचणी तीन निघाल्या.

पहिली: ऊन समोरून असेल तर दोन हातांचा फोटोग्राफर एका हाताने कॅमेरा धरतो आणि दुसरा तळवा भिंगावर छत्रीसारखा धरतो. एका हाताला हे शक्य नाही, म्हणून साय धरते.

दुसरी: उन्हात कॅमेऱ्याचा किंवा मोबाइलचा पडदा नीट दिसत नाही. बाकीचे लोक दुसऱ्या हाताने पडद्यावर आडोसा करतात. याला तो करता येत नाही, पडदा अंधुक दिसतो, फोटो काळा येतोय असे वाटते आणि तो उजेड वाढवतो. त्या वलीम्याचे काही फोटो याच फसवणुकीने गेले होते.

तिसरी: कॅमेऱ्याची मूठ आणि बटण उजव्या हातासाठी केलेले असते. उजवा हात शाबूत असणाऱ्याचे काम त्यामानाने सोपे. डाव्या हाताने काम करणाऱ्याचे बोट बटणापर्यंत पोहोचता पोहोचता कॅमेरा कलंडतो. शिवाय साध्या कॅमेऱ्यांत उजेड कमी-जास्त करायला बऱ्याचदा एक बटण दाबून ठेवून त्याच वेळी चकती फिरवावी लागते. उलट्या हाताला तेही अवघड.

तिन्ही अडचणी कॅमेरा डोळ्याला लावल्यानंतरच्या आहेत. त्यांच्यावरचा उपाय त्याआधीच करायचा. वेळ, जागा, सेटिंग आणि टेकू हे चारही निर्णय कॅमेरा उचलण्याआधी झाले, तर शेवटी एका बोटाचेच काम उरते.

वेळ: सावली मोजा

उजेडाची वेळ ओळखायला कुठलेही यंत्र नको. आपली सावली पाहावी. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य बराच वर आहे. अशा उन्हात डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि कपाळ-नाक पांढरे होते. आपला जळगाव जिल्हा सुमारे 21 अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या अखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली गोळा होते. त्या वेळी उघड्यावर माणसांचे फोटो काढूच नयेत.

सावलीचा हिशोब आपल्या घरांना नवा नाही. नमाजच्या वेळा पूर्वीपासून सावलीवरच ठरल्या. मध्यान्हीची मूळ सावली वगळून वस्तूची सावली तिच्या एकपट झाली की शाफई मताने असरची वेळ सुरू होते, दुप्पट झाली की हनफी मताने. खानदेशात बहुतेक हनफी, कोकणात शाफई, म्हणून दोन्ही सांगितले. फोटोसाठीही ही खूण उत्तम आहे. सावली दुप्पट झाली म्हणजे ऊन तिरपे होते, चेहऱ्यावर बाजूने येते, रंग खुलतात. असरनंतर मगरिबच्या आधीपर्यंतचा उजेड आणि सकाळी सूर्य वर आल्यानंतरचा पहिला तास-दीड तास, या दोन वेळा शिकणाऱ्याने आपल्या मानाव्यात. ईदची नमाज सकाळीच होते, त्यामुळे ईदगाहवरून परतताना लगेच घरच्यांचे फोटो उरकावेत. शीरखुर्म्याच्या वाट्या फिरवून दुपारी बारानंतर गच्चीवर जमण्यात फोटोचे नुकसान आहे.

जागा: सावली निवडा, पण एकसारखी

दुपारीच काढावे लागले तर सर्वांना घराच्या भिंतीच्या किंवा मोठ्या निंबाच्या दाट सावलीत घ्यावे. सावली एकसारखी हवी. केळीच्या बागेत किंवा विरळ झाडाखाली पानांतून उन्हाचे कवडसे पडतात आणि चेहऱ्यावर पांढरे डाग उमटतात. मागे तापलेला रस्ता, चुन्याची भिंत, पत्रे किंवा मेहरूण तलावाचे चमकते पाणी नको. मागे गर्द झाड, जुनी विटांची भिंत, गडद दरवाजा असे काही असावे.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा. आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघतो, तेव्हा आभाळ बहुधा भरलेले असते. ऊन नसले तरी ढगाळ आभाळ स्वतःच पांढरे आणि झगझगीत असते. लाकडी रथ गडद, वर आभाळ पांढरे. कॅमेरा वर रोखला की आभाळ सगळे चित्र खाऊन टाकते. उपाय असा की थोड्या उंच ओट्यावर किंवा पायऱ्यांवर उभे राहून आभाळ चौकटीबाहेर ठेवावे आणि रथ, दोर, माणसे यांनीच चौकट भरावी.

सेटिंग: एकदाच करा आणि विसरा

डिजिटल कॅमेरा असेल तर एका हाताच्या माणसाला 'मॅन्युअल' म्हणजे 'एम' ही पद्धत सर्वांत सोयीची. ऐकायला उलटे वाटते, पण कारण साधे आहे. ऊन स्थिर असेल तोवर आकडे बदलावे लागत नाहीत, आणि समोर काळा बुरखा आला काय की पांढरा कुर्ता आला काय, कॅमेरा स्वतःच्या मनाने काही बदलत नाही. घरूनच निवांत बसून आकडे लावून निघावे.

जुन्या फिल्मच्या काळातला एक ठोकताळा आजही चालतो. लख्ख उन्हात छिद्र एफ 16 ठेवावे आणि आयएसओ जितका, तितकाच शटरचा भागाकार. म्हणजे आयएसओ 100 असेल तर शटर सुमारे 1/125 सेकंद. त्याच उजेडाला एफ 8 आणि 1/500 हेही जुळते. आम्ही विद्यार्थ्याला हेच दुसरे आकडे दिले, कारण 1/500 इतका वेगवान शटर असला की एका हाताचा हलका कंप फोटोत उमटत नाही. झगझगीत ऊन इथे उलट मदतीलाच येते. दाट सावलीत गेल्यावर आयएसओ 400, छिद्र एफ 5.6 आणि शटर 1/250 इथून सुरुवात करावी. असरनंतर ऊन उतरू लागले की थोड्या थोड्या वेळाने पुन्हा तपासावे. रात्रीच्या कार्यक्रमात आयएसओ 1600 वर नेलेला असेल तर सकाळी निघण्याआधी तो खाली आणायला विसरू नये. पांढऱ्या फोटोंचे हे एक नेहमीचे कारण आहे.

पडद्यावरच्या चित्रावर विश्वास ठेवू नये, हिस्टोग्राम पाहावा. हा शाळेत काढतो तसा आलेख असतो. डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे. आलेखाचा डोंगर उजव्या भिंतीला जाऊन चिकटला असेल तर काही भाग जळाला. बऱ्याच कॅमेऱ्यांत जळालेला भाग लुकलुकतो, ती सोय चालू ठेवावी. पडदा पाहताना सूर्याकडे पाठ करून उभे राहावे, म्हणजे आपल्याच अंगाची सावली पडद्यावर पडते आणि दुसऱ्या हाताच्या आडोशाची गरज उरत नाही.

मोबाइल असेल तर चौकटीतल्या सर्वांत उजळ पण महत्त्वाच्या जागेवर, म्हणजे चेहऱ्याच्या उन्हाकडच्या बाजूवर किंवा पांढऱ्या कुर्त्यावर, बोट दाबून धरावे. बहुतेक फोनमध्ये तिथे उजेड कायम होतो आणि शेजारी सूर्याचे लहान चिन्ह येते. ते अंगठ्याने थोडे खाली ओढावे. एचडीआरची सोय चालू असावी.

टेकू: दुसरा हात विकत मिळतो

तिपाई म्हणजे ट्रायपॉड हा एका हाताच्या फोटोग्राफरचा दुसरा हात. कॅमेरा तिपाईवर गेला आणि टायमर दोन सेकंदांवर लावला, की आपला हात मोकळा होतो. मग तोच तळवा भिंगावर छत्रीसारखा धरता येतो! लहानसा ब्लूटूथ रिमोट असेल तर बटण कुठल्या बाजूला आहे हा प्रश्नही संपतो. गर्दीत तिपाई मांडता येत नाही, तिथे एकपायी मोनोपॉड कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या छोट्या पिशवीत टेकवावा. वजन कंबर घेते, हात फक्त दिशा देतो.

भिंगावर हूड कायम चढवलेला असावा. ही प्लॅस्टिकची नळी तिरप्या उन्हाला अडवते आणि हाताचे काम करते. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात आणि मनगटातही असावा. भिंग हलके निवडावे. मोबाइलमध्ये आवाजाच्या बटणाने फोटो निघतो. फोन उलटा धरून ते बटण अंगठ्याखाली आणले तरी फोटो सरळच दिसतो. एका हातानेच फोन खिशातून काढायचा म्हणजे भिंगाला बोट लागणारच. त्या विद्यार्थ्याच्या अम्मींनी त्याच्या सदऱ्याच्या खिशाला मऊ सुती कापडाचा तुकडा शिवून दिला. फोन काढता काढता भिंग त्यावर पुसले जाते. बाजारात असले काही मिळत नाही.

आधी कोणी हे केले आहे का?

केले आहे, आणि जगाने मान तुकवावी असे केले आहे. चेकोस्लोव्हाकियाचे योसेफ सुडेक (1896-1976) हे मूळचे पुस्तकबांधणीचे कारागीर. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर त्यांनी उजवा हात गमावला. जुने काम सुटले, तेव्हा ते प्रागमध्ये छायाचित्रण शिकले आणि पुढे लाकडी तिपाईवरचे अवजड कॅमेरे घेऊन त्याच शहरात आयुष्यभर फिरले. बहीण बोजेना त्यांना मदत करीत असे. गिरजाघराच्या आतले उन्हाचे झोत, स्वतःच्या खोलीच्या खिडकीवरचे दव, पेल्यातले पाणी असे साधे विषय घेऊन ते उजेडाची वाट पाहत थांबत. त्यांच्या चित्रांत पांढऱ्यातही छटा दिसतात. तिपाई मांडून थांबणे त्यांना भाग होते, आणि त्या थांबण्यातून त्यांची नजर तयार झाली.

उजेड आधी ठरवून मग कॅमेऱ्याला हात लावणारा एक थोर माणूस आपल्या खानदेशातही होऊन गेला. चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस (1912-1989) घराबाहेर क्वचितच पडत. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, त्यांच्यावर हवा तसा उजेड पाडून त्यांनी निसर्गदृश्ये वाटावीत अशी छायाचित्रे घडवली. त्यांना दोन्ही हात होते, पण शिकण्याची गोष्ट तीच: आधी उजेड, मग कॅमेरा.

त्याही मागे जायचे तर बसऱ्यात जन्मलेले इब्न अल-हैसम आठवतात. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांनी 'किताब अल-मनाजिर' हा प्रकाशावरचा ग्रंथ लिहिला. ग्रहणातल्या सूर्याची कोर बारीक छिद्रातून भिंतीवर स्पष्ट उमटते आणि छिद्र मोठे केले की तिचा आकार हरवतो, हे त्यांनी तपासून मांडले. कॅमेऱ्याचे छिद्र लहान-मोठे करताना आपण त्याच नियमाशी खेळत असतो.

घरच्यांसाठी दोन शब्द

एका हाताने काम करणारा दिसला की आपण धावतो आणि त्याच्या हातातून वस्तू काढून घेतो. नियत चांगली असते, पण शिकणारा तिथेच थांबतो. मदत हवी का, हे आधी विचारावे. तिपाई उचलणे, लोकांना सावलीत उभे करणे, छत्री धरणे ही कामे खुशाल करावीत. बटण त्यालाच दाबू द्यावे. अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड करून घ्यावे. स्वयंरोजगाराच्या कर्जयोजनांसाठी तेच लागते.

आणि काम देणाऱ्यांनीही न्याय करावा. भर दुपारी बाराला उघड्या मैदानात वधू-वरांना उभे करायचे, आणि फोटो पांढरे पडले की फोटोग्राफरच्या हाताकडे बोट दाखवायचे, हे बरोबर नाही. दोन हातांच्या माणसाच्या फोटोला जी कसोटी, तीच याच्या फोटोला लावावी. कमी नको, जास्तही नको. आमचा विद्यार्थी आता काम घेतानाच सांगतो, "फोटो असरनंतर काढू, नाहीतर सावलीत." ज्यांनी ऐकले, त्यांनी ठरलेली रक्कम पूर्ण दिली.

शिकू पाहणाऱ्यांनी एवढा सराव करावा. घराच्या ओट्यावर एक पांढरी टोपी आणि एक काळी ओढणी शेजारी-शेजारी ठेवावी. एकाच दिवशी सकाळी, जोहरच्या सुमारास, असरनंतर आणि मगरिबच्या थोडे आधी असे चार वेळा फोटो घ्यावेत. प्रत्येक वेळी टोपीची वीण दिसते का आणि ओढणी काळीच राहते का, एवढेच पाहावे. ज्या फोटोत दोन्ही जमले, त्याची वेळ आणि आकडे वहीत लिहून ठेवावेत. असे आठ दिवस केले की उजेड ओळखता येऊ लागतो.